मदत हवी आहे: अप्पांनी बीपीच्या गोळ्या सोडून झाडपाल्याचा अर्क सुरू केला होता

नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यातले, माहेर पूर्णा तालुक्यात. वडील, म्हणजे आमचे अप्पा, वय ६३, अजून रोज शेतात जातात. चार वर्षांपासून बीपी आहे आणि कोलेस्टेरॉलही वाढलेलं. टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि रात्री अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २० चालू होतं. त्यावर बीपी १३०/८० च्या आसपास राहायचं.

पोळ्याला गेले तर गोळ्यांची पाकिटं तशीच पडलेली आणि देवळीत दोन बाटल्या. बाजारच्या दिवशी गाडी लावून विकणाऱ्या एकाकडून १,८०० रुपयांना आणलेल्या. 'तीन महिने घ्या, नसा मोकळ्या होतात, गोळी कायमची सुटते' असं त्यानं सांगितलेलं. गोळ्या बंद करून चौदा दिवस झाले होते. मशीनवर मोजलं तर १७२/१००. अर्ध्या तासानं परत १६८/९८. त्याच दिवशी तालुक्याला दाखवलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टर 'बाटली फेका' एवढंच म्हणाले, ते अप्पांच्या मनाला लागलं.

त्यांचं म्हणणं असं: "गोळ्यानं किडनी जाती म्हन्तेत. झाडपाल्याचं काय व्हतंय? मह्या बापानं नदीकाठच्या अर्जुनाची साल दुधात उकळून पेली, काय झालं त्याला?"

मला त्यांचा हा विश्वास मोडायचा नाही. म्हणून बाटलीवरची नावं घेऊन वाचत बसले. अर्जुन, लसूण, गुग्गुळ, ज्येष्ठमध, सर्पगंधा, आलं. कशाचंच प्रमाण दिलेलं नाही, परवाना क्रमांक नाही, मुदतीची तारीख नाही.

ज्येष्ठमधानं धक्का बसला. त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरवतं आणि बीपी चढवतं. आणि सर्पगंधा तर खरंच बीपीचं औषध आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये त्यावरचा अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला, पुढे त्यातून रेसरपिन हे बीपी उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं. पण त्यानं नाडी मंदावते, मन उदास होतं. म्हणजे एवढं तेज औषध अप्पा चमच्यानं अंदाजे पीत होते! गुग्गुळाबद्दल २००३ मधला अमेरिकेतला अभ्यास सापडला. आठ आठवडे दिल्यावर वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, उतरलं नाही, उलट थोडं वाढलं.

बाटली बंद झाली आहे. पण अर्जुनाचा क्षीरपाक, म्हणजे दुधात उकळलेली साल, गोळ्यांसोबत चालेल का? कुणी वैद्य आणि एमडी डॉक्टर दोघांना विचारून घेतला आहे का? आणि अप्पांना न दुखावता गोळ्यांवर कसं टिकवायचं? आईचं ते ऐकत नाहीत.

प्रतिसाद, लातूर
ताई, मी औषध दुकान चालवतो. आधी रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) तपासून घ्या. ज्येष्ठमध पोटॅशियम उतरवतं आणि टेल्मिसार्टन चढवतं, त्यामुळे अंदाजानं चालू नका. चुकलेल्या दिवसांच्या गोळ्या दुप्पट करून भरून काढायच्या नाहीत. अर्जुनावर अभ्यास झालेत, पण बहुतेक लहान. गोळीच्या जागी तो नाहीच, सोबत घ्यायचा तर डॉक्टरांना सांगून. लसूण भाजीत हवा तेवढा खाऊ द्या. त्याच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर नकोत. कोलेस्टेरॉलसाठी झाडाचंच काही द्यायचं तर इसबगोल द्या, त्याचा पुरावा पक्का आहे. दिवसाला साधारण १० ग्रॅम, दोन वेळा विभागून, प्रत्येक वेळी ग्लासभर पाण्यासोबत. गोळ्या आणि इसबगोल यात दोन तासांचं अंतर ठेवा.

प्रतिसाद, बीड
आमच्या दादांचंही असंच होतं. जवसाची चटणी चांगली म्हणून रोज खायचे, पण तिच्यात मीठ किती! शिवाय लोणचं, पापड, खारोड्या. चटणी कमी मिठाची करा, जवस तसाच राहू द्या. आणि बीपी तुम्ही मोजू नका, त्यांनाच मोजून वहीत लिहू द्या. आपल्या हातानं लिहिलेला आकडा माणूस नाकारत नाही.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. वहीचं लगेच पटलं, कारण अप्पा पावसाची नोंद वर्षानुवर्षं लिहितात. त्याच वहीत मागच्या पानांपासून बीपी सुरू केलंय. बाटलीच्या चौदाव्या दिवसाचा १७२ चा आकडा मी सांगितला, तो त्यांनी स्वतः सगळ्यात वर लिहिला. काल सकाळी १५२/९२, आज १४६/८८. अर्जुनाचं डॉक्टरांना विचारेपर्यंत थांबायला तयार झालेत. इसबगोल आणलंय. रक्ताचा रिपोर्ट उद्या येईल, आला की इथे टाकते.