एक एप्रिलचा बर्फ
‘मार्च सरला की बर्फाची धास्ती संपली’ असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९९७ साली नेमकं उलट घडलं. रविवारी, ईस्टरला, छान ऊन होतं. सोमवारी, ३१ मार्चला, पावसाचा बर्फ झाला आणि मंगळवारपर्यंत बॉस्टनला २५ इंच, वूस्टरला ३३! आम्ही वूस्टरजवळच्या एका लहानशा गावात राहायचो. बर्फ ओला, जड. रात्रभर फांद्या कडाकडा मोडत होत्या. वीज गेली. शेजारच्या आजींकडे लाकडावरची शेगडी होती, तिथेच पाच घरं जमली. तिच्यावर मी केलेली मुगाची खिचडी सगळ्यांनी मागून मागून खाल्ली. आठवड्याने पाडवा. अंगणाच्या कडेला अजून बर्फाचे ढीग होते, आणि गुढी बघायला त्या आजी मुद्दाम आल्या.