मदत हवी आहे: 'किड' यामामोतोच्या लढती कोणत्या क्रमाने पाहाव्यात?

नमस्कार मंडळी,

एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी मिश्र लढत) खेळणाऱ्या जपानच्या नोरिफुमी यामामोतोच्या, म्हणजे 'किड'च्या लढती भाच्याबरोबर पाहायला घेतल्यात. भाचा किकबॉक्सिंग शिकतो, मी कुस्तीचा वेडा. त्यामुळे एकाही लढतीवर आमचं एकमत होत नाही.

किडचं घराणं कुस्तीचं. वडील १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये खेळलेले, मियू आणि सेइको या दोन्ही बहिणी जगज्जेत्या. तरी हा गडी ३१ डिसेंबर २००४ला ओसाकात मसातोसमोर निव्वळ किकबॉक्सिंगच्या नियमांनी उभा राहिला. पट काढायची सोय नाही, समोर २००३चा के-वन मॅक्स (किकबॉक्सिंगची मोठी स्पर्धा) विजेता. पहिल्याच फेरीत किडने मसातोला खाली बसवलं! दुसरीत मसातोच्या लाथेने हा पडला आणि गुणांवर हरला. भाचा म्हणतो, हार ती हार. पण एमएमएच्या नोंदींत ही लढत दिसतच नाही. ती धरायची की नाही?

दुसरं, २००६ पर्यंत धडाका लावणारा माणूस यूएफसीत (अमेरिकेतल्या बड्या एमएमए स्पर्धेत) एकही लढत का जिंकला नाही? मला वाटतं, २००७च्या जानेवारीत बीजिंग ऑलिंपिकच्या नादात कुस्तीच्या मॅटवर परतला आणि कोपर निखळलं, तिथेच घात झाला. जाणकारांनी सांगावं. आणि कोणत्या लढती कोणत्या क्रमाने पाहू, तेही.

प्रतिसाद १

दोन वेगळे खेळ, दोन वेगळे हिशेब. स्पर्धेचं नाव बघू नका, नियम बघा. 'हिरोज' ही एमएमए स्पर्धा के-वनवाल्यांचीच होती आणि वर्षअखेरच्या 'डायनामाइट'मध्ये दोन्ही प्रकार एकाच रात्री व्हायचे, म्हणून गोंधळ होतो. मसातोची हार किकबॉक्सिंगच्या खात्यात. त्याच खात्यात फेब्रुवारी २००४ची ताकेहिरो मुरहामाविरुद्धची लढतही आहे, दुसऱ्या फेरीत नॉकआउट. आधी ती दाखवा, मग मसातो. भाचेबुवा 'हार ती हार' म्हणायच्या आधी जरा थांबतील.

प्रतिसाद २

कोपराचं गणित पटत नाही, दादा. त्याच २००७मध्ये त्याने बिबियानो फर्नांडिसला गुणांवर आणि रानी याह्याला नॉकआउटने हरवलंय. घसरण गुडघ्याच्या दुखापतीनंतरची. २००८ साल अख्खं कोरडं गेलं, २००९मध्ये जो वॉरेनकडून हरला (तोही कुस्तीतला जगज्जेता, हे विसरू नका), नंतर आणखी हारी. यूएफसीत आला तेव्हा वय ३३ आणि पहिलाच प्रतिस्पर्धी डिमेट्रियस जॉन्सन, जो पुढच्याच वर्षी फ्लायवेट या हलक्या वजनगटाचा विजेता झाला. नशीब म्हणतात ते हे.

आणि मजा बघा, किडची उंची जेमतेम १६३ सेंटिमीटर. हिरोजमध्ये तो स्वतःपेक्षा जड गड्यांशी ७० किलोत लढत होता. आपल्या वजनगटात आला तोवर पाय साथ देईनासे झाले होते.

धागाकर्ता

कोपराबद्दलचं मान्य. मग क्रम असा लावतो: मुरहामा, मसातो, २००५च्या अखेरची गेन्की सुदो (हिरोजची अंतिम लढत), मे २००६ची काझुयुकी मियाता, मग याह्या, शेवटी जॉन्सन. मियाताची भाच्याने आधीच दहादा पाहिलीय. घंटा, उडता गुडघा, ४ सेकंदांत खेळ खलास. काही राहिलं का?

प्रतिसाद २

इश्तवान मायोरोश राहिला. अथेन्स ऑलिंपिकमधला ग्रीको-रोमन कुस्तीचा सुवर्णपदकविजेता, २००६च्या अखेरीस पहिल्याच फेरीत गारद. कुस्तीवाल्यांनी बघावीच.

आणि शेवटी किडची नव्हे, त्याच्या शिष्याची एक लढत जोडा. किड १८ सप्टेंबर २०१८ला पोटाच्या कर्करोगाने गेला, अवघा ४१ वर्षांचा. ३० सप्टेंबरला क्योजी होरिगुची साइतामात किकबॉक्सर तेन्शिन नासुकावासमोर किकबॉक्सिंगच्याच नियमांनी उतरला. तोही गुणांवर हरला. मसातोच्या लढतीनंतर लगेच लावलीत तर तुमचं भांडण पुन्हा पेटेल, हे आधीच सांगतो.