ओरोमो बोलण्यातला ‘गोबाना’: फितूर, घरभेदी की आणखी काही?

प्रश्न: इथिओपियावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. ओरोमो हा तिथला एक मोठा समाज. त्यातले राष्ट्रवादी लोक सरकारधार्जिण्या ओरोमो पुढाऱ्याला ‘गोबाना’ म्हणून हिणवतात. काय लिहू? फितूर? की सरळ सूर्याजी पिसाळ?

उत्तर: पिसाळ नकोच. वाचक थेट रायगडावर जाऊन पोचेल, आणि त्याच्या फितुरीबद्दल इतिहासकारांत एकमत आहे असंही नाही.

‘फितूर’ही बसत नाही. एकाचं मीठ खाऊन दुसऱ्याला मिळतो तो फितूर. रास गोबाना दाचे हा एकोणिसाव्या शतकातला, ओरोमोंच्या तुलामा शाखेचा; मध्य इथिओपियातल्या शेवाचा राजा (पुढे इथिओपियाचा सम्राट) मेनेलिक याचा सरदार. (रास हा सेनापतीच्या तोलाचा किताब.) तो धन्याशी शेवटपर्यंत इमानी राहिला. 1882च्या जूनमध्ये एम्बाबोच्या लढाईत शेजारच्या गोज्जामचा राजा तेक्ले हायमानोत पाडाव झाला, त्यात गोबानाच्या ओरोमो घोडदळाचा मोठा वाटा होता. त्या लढाईनंतर निळ्या नाईलच्या दक्षिणेकडचा ओरोमो मुलूख मेनेलिकला मोकळा झाला. जिम्मा या ओरोमो राज्याच्या अब्बा जिफार राजाने खंडणी कबूल करून गादी राखली. मेनेलिकची मुलगी गोबानाच्या घरात सून म्हणून आली. सोयरीक झाली म्हणजे वजन केवढं असेल बघा!

दुसरं उत्तर: इमानी होता म्हणून सुटला का? ज्यांच्या जमिनीवर पुढे ‘नेफ्तेन्या’ येऊन बसले त्यांना विचारा. नेफ्त म्हणजे बंदूक. नेफ्तेन्या म्हणजे बंदूकवाला शिपाई, ज्याला पगाराऐवजी कुळं तोडून दिलेली असत. अर्सी या ओरोमो मुलखात तर कत्तली झाल्या.

पहिला: अर्सी गोबानाच्या माथी मारू नका, ती मोहीम रास दार्गेची. बाकी मान्य. पण ‘ओरोमो’ म्हणून सगळ्यांचा एक झेंडा तेव्हा नव्हता, तुलामा आणि मेचा या शाखा आपसातही लढत. घरच एक नाही, तर घरभेदी कसा म्हणायचा? उलट बाजूचे त्याला ‘देश जोडणारा’ म्हणतात, तेही मला तितकंच पोकळ वाटतं. 1888मध्ये त्याने सुदानच्या महदीपंथी (महदी या धर्मनेत्याच्या अनुयायांच्या) फौजेला पश्चिमेकडच्या वेल्लेगात रोखलं, ते मात्र त्याचे टीकाकार सहसा काढत नाहीत.

तिसरं उत्तर: ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ कसं वाटतं? यात दांड्याने पक्ष बदललेला नाही, तो पहिल्यापासून कुऱ्हाडीतच आहे.

प्रश्नकर्ती: हे चपखल आहे, पण शिवी एका शब्दात हवी. मजकुरात ‘गोबाना’ तसाच ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘गोतास काळ झालेला’ एवढंच जोडते. ‘देशद्रोही’ तर नकोच, कारण हे म्हणणाऱ्यांचं भांडण त्या देशाशीच आहे.