रि: रि: शनिवारची बोट, दुसरं हँडल कुणाकडे?

सचिव:
शनिवारी कालव्याच्या सहलीची दुसरी बॅच निघायची आहे आणि नानांच्या बोटीवर विंडलास (झडपा उचलायचं हँडल) एकच उरलाय. दुसरा कुणाच्या डिकीत, डब्यांच्या पिशवीत घरी गेला असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा. एका हँडलवर इंग्लंडमधल्या स्टोक ब्रुअर्नची सात लॉक्स (पाणी भरून बोट वर चढवणारे, गेटं असलेले हौद) चढायची म्हणजे एका काठाचं पॅडल (पाणी सोडायची झडप) उचला, गेटवरून पलीकडे जा, तिथलं उचला, परत या. वडे खायचे कधी?

नाना:
डिकीत नाही, पाण्यात आहे. तिसऱ्या लॉकपाशी. दहा वेळा सांगितलं होतं, पॅडल उचललं की हँडल दांड्यावरून काढून हातात ठेवा. खटका सुटला की ते गरागरा फिरून उडतं. ज्यांनी ठेवलं त्यांना माहीत आहे.

ताई:
'ज्यांनी' म्हणजे मी. नाव घ्या की, नाना. तेव्हा तुमची बोट वाऱ्याने आडवी होऊन समोरच्या झुडपांकडे निघाली होती आणि तुम्हीच ओरडत होतात, "दोरी धरा, दोरी!" मी हँडल सोडलं आणि दोरी धरली. 57 फुटी बोट, पाण्याखाली जेमतेम दोन फूट, बाकी सगळा पत्रा वाऱ्याच्या तोंडी. खुंट्याला एक वेढा पडेपर्यंत माझ्या तळव्याची सालं निघाली. अजून पोळी लाटता येत नाही.

खजिनदार:
नवीन विंडलास मंडळाच्या खात्यातून घेता येणार नाही. गणपतीच्या मखराचं बिल अजून बाकी आहे. एवढं मोठं मखर नको, हे मी तेव्हाच म्हटलं होतं.

काकू:
मखर छान होतं. फोटो सगळ्यांनीच काढून घेतले.

नवीन सभासद:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. माझ्याकडे दोरीला बांधायचं मोठं लोहचुंबक आहे. शनिवारी लवकर येऊन टाकून बघू का?

नाना:
उपयोग नाही. गेलेलं ॲल्युमिनियमचं होतं, चिकटत नाही. हिच्या मनगटाला हलकं म्हणून मुद्दाम आणलं होतं.

सचिव:
शनिवारी पुन्हा वारा असला तर?

नाना:
लॉकच्या भिंतींमध्ये शिरलं की वारा लागत नाही. खरा त्रास बाहेर थांबण्याचा. दोघांना आधीच पुढे पाठवा, लॉक रिकामं करून खालची गेटं उघडी ठेवा, म्हणजे बोट सरळ आत. लॉक 14 फूट रुंद, आपली बोट सातची. मागून दुसरी येत असेल तर तिलाही शेजारी घ्या, पाणी वाचतं. आणि वाऱ्याने गेट हलतं, त्याच्या लांब दांड्यावर, बीमवर, कुणी वजनदार माणूस बसवा. खजिनदार चालतील.

खजिनदार:
मी पहिल्या बॅचमध्ये होतो. मखराबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही.

ताई:
हँडल कालच मागवलंय, माझ्या पैशांनी. लोखंडी. वडे मात्र या वेळी दुसऱ्या कुणीतरी करा.