वेताळ टेकडीवरच्या पक्ष्यांना कड्या घालायला वर्गणी द्यावी का?

टेकडीकर (धागाकर्ता)

पुण्यात पौड रस्त्याकडच्या काही सोसायट्यांत सध्या एक पत्रक फिरतंय. वेताळ टेकडीवर खाणीच्या आसपासच्या झाडीत पाच हिवाळे छोट्या पक्ष्यांच्या पायात कड्या घालून अभ्यास करायचा आहे, त्यासाठी दर घरामागे वर्षाला पाचशे रुपये द्या, असं त्यात म्हटलंय. पक्षी धरणार शिकलेली माणसं, आपण फक्त खर्चाला हातभार लावायचा. आमच्या इमारतीत यावरून दोन तट पडलेत. माझं मत आधीच सांगतो: द्यावेत.

नोव्हेंबरनंतर टेकडीवर घाणेरीच्या जाळीतून सारखा ‘चक् चक्’ आवाज येत असतो. तो ब्लिथ्स रीड वॉर्बलर, मातकट रंगाचा, चिमणीहून लहान वटवट्या. उन्हाळ्यात फिनलंडपासून सैबेरियापर्यंतच्या पट्ट्यात त्याची वीण होते आणि हिवाळा तो आपल्याकडे काढतो. गेल्या वर्षी त्याच जाळीत होता तोच यंदा परत आला का, हे दुर्बिणीतून कळायला मार्ग नाही, कारण सगळे सारखेच दिसतात. मोजणी केली तर दरवर्षी दहा भरतील. पण दहाचे दहा जगून परत आले तरी आकडा दहा, आणि आठ मरून आठ नवे आले तरी दहाच. टेकडी पक्ष्यांना जगवतेय की नुसती भरती-ओहोटी चाललीय, हे कळायला एकेक पक्षी ओळखता यावा लागतो. पायातली आकडा कोरलेली हलकी कडी त्यासाठी.

कडी घालताना पंखाची लांबी आणि वजन घेतात, पोटावरची पिसं फुंकरीने बाजूला करून कातडीखाली चरबी किती साठलीय ते बघतात. परतीच्या प्रवासाआधी ही चरबी हवीच. आता आपल्या टेकड्यांवर वर्षानुवर्षं ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावलं गेलं. ते काढून देशी झाडं लावा, असं एक गट म्हणतो. दुसरा म्हणतो, आहे ती सावली कशाला तोडता? ग्लिरिसिडियातले पक्षी मार्चअखेर किती वजनाचे आणि खैर-हिवराच्या पट्ट्यातले किती, हे पाच वर्षं कुणी मोजलं तर या भांडणात पहिल्यांदाच काहीतरी तोलून बोलता येईल.

पैसे सरकारने द्यावेत हे मलाही पटतं. पण संशोधनाचे प्रकल्प दोन-तीन वर्षांचे असतात आणि असली कामं चौथ्या वर्षी बोलायला लागतात. अमेरिकेत १९८९ पासून ‘मॅप्स’ नावाचा कड्या घालण्याचा उपक्रम चालू आहे, त्याची किंमत आहे ती इतकी वर्षं न थांबण्यात.

---

शनिपारकर

गणपतीची वर्गणी झाली, दहीहंडीची झाली, लिफ्टच्या दुरुस्तीची झाली. आता वटवट्याची. त्याला विचारलंत का, पायात कडी हवीय का म्हणून?

---

मैत्रेयी_प

शनिपारकरांनी गमतीत विचारलंय, मी गंभीरपणे विचारते. मी बरीच वर्षं पक्षी बघते आणि तरीही विरोधात आहे.

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३ चा अहवाल बघा. ९४२ जातींचा आढावा आहे, १७८ जातींना तातडीने लक्ष द्या असं सांगितलंय. हे सगळं उभं राहिलं सुमारे तीस हजार लोकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या तीन कोटींहून जास्त नोंदींवर. एकाही पक्ष्याला त्यासाठी पकडावं लागलं नाही. पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी किहीमला सुगरणीची बहुपत्नीत्वाची सगळी तऱ्हा उलगडली ती बसून, बघून.

आता पक्षी धरायच्या जाळ्याचं. अमेरिका आणि कॅनडातल्या २२ संस्थांच्या सहा लाखांवर पकडींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इजा होण्याचं प्रमाण ०.५९ टक्के आणि मरण्याचं ०.२३ टक्के होतं. म्हणजे हजारात दोनाहून थोडे जास्त. समर्थक हाच आकडा ‘किती कमी!’ म्हणून दाखवतात. पण ते तयार हातांचे आकडे आहेत. वेताळ टेकडीवर सकाळी किती माणसं असतात? किती मोकाट कुत्री? जाळ्यात खाली अडकलेल्या पक्ष्याचं कुत्र्याने काय केलं, त्याची नोंद कोण ठेवणार? आणि ‘पाहुण्या पक्ष्यासोबत सेल्फी’ तर होणारच. मे-जूनमध्ये नवरंग दिसला की मोबाइलवर त्याचाच आवाज लावून त्याला बाहेर काढणारे छायाचित्रकार आपण बघतोच आहोत.

शिवाय छोट्या पक्ष्यांत कडीवाला पक्षी दूर कुठे पुन्हा सापडण्याचं प्रमाण शंभरात एकही नसतं. सैबेरियाची स्वप्नं दाखवून पाचशे रुपये मागू नका.

---

टेकडीकर

मैत्रेयीताई, कडी सैबेरियात सापडेल असं मी म्हटलेलं नाही, पत्रकात म्हटलं असेल तर ते खोडावं. कडीवाला पक्षी परदेशात सापडणं ही लॉटरी. भरतपूरला कड्या घातलेली बदकं सोव्हिएत संघात सापडली, पण ती बदकं, त्यांची शिकार होते म्हणून कडी हाती लागते. वटवट्याला कोण मारून खातो? इथला हिशेब त्याच टेकडीवर परत सापडण्याचा आहे, आणि तो कितीतरी पटींनी चांगला असतो.

ई-बर्डवर माझ्याही याद्या आहेत. जात कमी होतेय हे त्यातून कळतं. पण पिल्लं कमी होतात, की हिवाळ्यात मोठे मरतात, की वाटेत? यादी ते सांगत नाही.

सेल्फीचा मुद्दा मात्र बिनतोड. गर्दीच्या वाटेवर आणि रविवारी जाळी लावूच नयेत.

---

पंख_मोजणारा

मी दुसऱ्या राज्यात दोन हंगाम मदतनीस म्हणून हे काम केलंय, म्हणून थोडं.

मिस्ट नेट म्हणजे काळ्या बारीक नायलॉनचं जाळं, साधारण बारा मीटर लांब, आडव्या दोऱ्यांवर चार कप्पे. पक्षी आपटतो आणि खालच्या झोळीत बसतो. माणसाने तिथून हलायचं नाही, ठरल्या वेळाने फेरी मारायचीच. थंडीत, उन्हात, वाऱ्यात फेऱ्यांमधलं अंतर कमी करायचं, पाऊस आला तर जाळी मिटायची. पुण्यात नऊ-साडेनऊला ऊन चढलं की काम बंद. खालचा कप्पा जमिनीपासून उंच ठेवला तर कुत्र्यांचा प्रश्न बराच सुटतो, मात्र झुडपात जमिनीलगत फिरणारे पक्षी हातचे जातात. पक्षी सोडवायचा तो ज्या बाजूने आत गेला त्याच बाजूने, आधी पाय. हे पुस्तकातून येत नाही, कुणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकावं लागतं, आणि कित्येकांना कधीच जमत नाही.

म्हणून माझ्या मते पैसे जाळ्यांना देऊ नका. जाळी, कड्या, तराजू ही त्या मानाने किरकोळ गोष्ट. पहाटे पाचला येणाऱ्या दोन शिकलेल्या माणसांना पाच वर्षं नीट मानधन द्या. स्वयंसेवकांवर चाललेलं काम परीक्षा आणि लग्नसराई आली की कोलमडतं.

---

हिशेबनीस

तत्त्वज्ञान झालं असेल तर कागदपत्रांकडे येऊ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ शब्दात पकडणंही येतं. संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. पत्रक मी दोनदा वाचलं, परवानगीचा क्रमांक नाही, ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच आहे. परवानगीआधी वर्गणी कशी? न मिळाल्यास पैसे परत मिळणार का? आणि क्यूआर कोड एका व्यक्तीच्या नावावर का? आमच्या जुन्या सोसायटीत झाडं लावायला असेच पैसे जमले होते. झाडं दिसली नाहीत, पावत्या तर नाहीतच.

माणसं वाईट आहेत असं म्हणत नाही. चांगल्या माणसांचे हिशेबही लिहिलेलेच असावेत.

---

टेकडी_वाचवा_आधी

मला हे सगळं ऐकून हसू येतं. टेकडीतून काढायच्या बालभारती–पौड फाटा रस्त्याची टांगती तलवार आहे, दर उन्हाळ्यात गवताला आगी लागतात, आणि तुम्ही पक्ष्याच्या पोटावर फुंकर घालणार! पाचशे रुपये वकिलाला द्या. आग विझवणाऱ्या पोरांना बूट घेऊन द्या.

---

टेकडीकर

@टेकडी_वाचवा_आधी: वकिलालाही कागद लागतो ना? ‘इथे पक्षी आहेत’ हे सगळेच म्हणतात. ‘हाच पक्षी चार हिवाळे याच पन्नास मीटरच्या झुडपात परत आला’ हे म्हणायला नोंदवही लागते. बूट मात्र घ्याच, त्याला माझे वेगळे पैसे.

---

टेकडी_वाचवा_आधी

तुमच्या नोंदवहीला पाच वर्षं लागणार. बुलडोझरला एक सकाळ पुरते.

---

जुना_वर्गणीदार

पैसा कुठून येतो यावर एक जुनी गोष्ट. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ मध्ये सालिम अलींच्या नेतृत्वाखाली मोठ्या प्रमाणावर कड्या घालायला सुरुवात केली (मैत्रेयीताई, सालिम अली नुसते बसून बघत नव्हते, पक्षी धरतही होते). तेव्हा पैसा जागतिक आरोग्य संघटनेचा होता. पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून रोग येतात का, हे त्यांना हवं होतं. दोनच वर्षं आधी कर्नाटकात क्यासनूरचा माकडताप उघडकीस आला होता. पुढे अमेरिकी लष्कराचाही पैसा आला आणि १९७० च्या दशकात प्रकरण संसदेत गाजलं. म्हणजे पक्षी आपले, मेहनत आपली, प्रश्न मात्र पैसे देणाऱ्याच्या सोयीचे.

त्यामुळे शेजारपाजारच्या वर्गणीला मी हसणार नाही. ग्लिरिसिडियाचं काय करायचं हा प्रश्न जिनिव्हाला पडणार नाही, तो कोथरूडलाच पडणार. उद्या एखाद्या बिल्डरने ‘सामाजिक जबाबदारी’ म्हणून सगळा खर्च उचलला तर? मला तो पाचशेच्या पावत्यांपेक्षा जास्त घाबरवतो.

---

मैत्रेयी_प

सालिम अली पक्षी धरत होते, गोळ्याही घालत होते. त्या काळी तीच रीत होती. म्हणून ती आजची होत नाही.

बिल्डरचा मुद्दा मान्य. पण आपला पैसा असला की दुसरी भीती असते. पाचशे देणारा प्रत्येक जण जानेवारीत विचारणार, ‘मग काय सापडलं?’ आणि काहीतरी दाखवायला जाळी जास्त दिवस लागणार, शाळेच्या सहली येणार, पोरांच्या हातात पक्षी दिला जाणार. वर्गणीदाराला तमाशा हवा असतो.

---

पंख_मोजणारा

हे खरं आहे, मी पाहिलंय. पाहुणे आले की माणूस पक्षी जरा जास्त वेळ हातात धरतो. लेखी ठरवा: पाहुणे महिन्यातून एकदाच, पक्षी फक्त कडी घालणाऱ्याच्या हातात, आणि मेलेल्या-जखमी पक्ष्यांचा आकडा हिशेबाच्या कागदावरच, खर्चाच्या खाली.

---

हिशेबनीस

तो आकडा छापणार असाल तर माझे पाचशे धरा. परवानगीचा क्रमांक आल्यावर. संस्थेच्या खात्यात. पावतीसकट.

---

शनिपारकर

पावती वटवट्याच्या नावाने फाडा.

---

टेकडीकर

पत्रकवाल्यांना हे चारही मुद्दे आजच कळवतो: परवानगीआधी वसुली नाही, खातं संस्थेचं, रविवारी जाळी नाहीत, मेलेल्या पक्ष्यांचा आकडा जाहीर. बिल्डरचा पैसा घेणार का, हेही त्यांनाच विचारतो, त्यावर माझं ठाम मत नाही म्हणून. या चार मुद्द्यांना ‘नाही’ म्हणाले तर माझीही वर्गणी नाही.

---

मैत्रेयी_प

हो म्हणाले तरी माझी नाही. पण जाळी लागतील त्या सकाळी मी येऊन उभी राहीन, घड्याळ घेऊन. फेरी चुकली की थेट वनखात्याला फोन.

---

टेकडीकर

जरूर या. उजाडायच्या आत या पण, जाळी तेव्हाच उघडतात.