मदत हवी आहे: १/७२ कॅटालिनाला आर-२६०० इंजिनं

पीबीवाय-५ए कॅटालिना (पाण्यावर आणि जमिनीवर उतरणारं अमेरिकन गस्ती विमान), १/७२ प्रमाणातलं प्लास्टिक मॉडेल. कल्पना अशी की अमेरिकन नौदलाने १९४४ मध्येच तिची १२०० अश्वशक्तीची आर-१८३० काढून १७०० ची आर-२६०० बसवली. इंजिनं, काउलिंग (इंजिनाभोवतीचं आवरण), पंखे (प्रोपेलर) बी-२५ मिचेल बॉम्बरच्या किटमधले. न चिकटवता लावून पाहिलं तर काउलिंग नॅसेलवर (पंखावरचा इंजिनाचा कोश) टोपीसारखं बसतंय, चहूबाजूंनी मिमीभर पायरी. पायरी पुट्टीने भरू की नॅसेल कापू?

सँडपेपर४००: कापा. पायरी येणारच: इंजिनांचे व्यास ४८ आणि ५५ इंच, म्हणजे तुमच्या स्केलला १७ आणि १९.४ मिमी. नॅसेल फायरवॉलपाशी (इंजिनामागची भिंत) सरळ कापा आणि तिथे १ मिमी प्लास्टिक शीटची, काउलिंगच्या मापाची चकती लावा. चकतीच्या मधोमध २ मिमी भोक. पंख आधी अखंड जोडून घ्या, टोकांखाली सारखे ठोकळे द्या, भोकांत रॉड घालून दोन्ही रॉड समांतर आणि एका उंचीवर आले की मगच चकत्या पक्क्या करा. मागचा उतार दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीने, ओल्या बोटाने ओढत. ट्यूबमधली पुट्टी जाड दिली की सॉल्व्हंट उडताना आक्रसते आणि रंगकामानंतर तिथे खळगा उमटतो.

उलटी_शेपटी: +१. पंखे चिकटवण्याआधी ५३ मिमीची कागदी चकती फिरवून बघा, हलच्या (विमानाच्या नावेसारख्या धडाच्या) पाठीला घासायला नको. सुकाणूही मोठं करा. युद्धानंतर खरोखर आर-२६०० बसवलेल्या ‘सुपर कॅट’ना तेच करावं लागलं होतं. तुमच्या १९४४ साठी पीबीएन-१ नोमॅडची (कॅटालिनाचीच सुधारित आवृत्ती) उंच शेपटी चपखल.

चाकांवर उभी करणार असाल तर नाकात वजन हवंच, नाहीतर शेपटीवर बसेल. पुढची टरेट (बंदुकीचा घुमट) पारदर्शक, त्यामुळे वजन कॉकपिटच्या फरशीखाली दडवा. शिशाचे छर्रे पांढऱ्या फेविकॉलसारख्या गोंदात मात्र कधीही नको! शिसं गंजून फुगतं आणि वर्षा-दोन वर्षांत हलची शिवण उकलते. इपॉक्सीत बुडवा.

मूळ प्रश्नकर्ता: आभार, कापतोच. अटलांटिकवरच्या विमानांच्या रंगसंगतीत लाल कडेची चांदणी (अमेरिकन विमानांवरचं चिन्ह) चालेल?

सँडपेपर४००: नाही. लाल कड १९४३ च्या उन्हाळ्यापुरतीच होती, १९४४ ला निळी. वरून डार्क गल ग्रे, बाजू मॅट पांढऱ्या, पोट चकचकीत पांढरं.