मोठं घर सोडून फ्लॅटमध्ये आलेल्यांनो, तुमचे अनुभव सांगा

आईबाबांना राजापूरजवळच्या घरातून डोंबिवलीला आणलं. तिकडे खळं, ओटी, पडवी, माजघर, वर माळा, इकडे वन बीएचके. हौसेने नाही सोडलं, पावसाआधी कौलं शाकारायला वर चढणारा माणूस मिळेना आणि एक पावसाळा घर बंद राहिलं तर वाळवी थेट वाशापर्यंत पोचली. हंडे, घंगाळं वजनावर मोडीत दिली, आई तेवढा वेळ आत भाकऱ्या थापत बसली. पण खरी पंचाईत बाबांची. ओटीवर बसलं की येणाराजाणारा "काय, जेवलात काय" करून पुढे जायचा, त्याला घरात घ्या असंही नाही आणि तो परका असंही नाही. इथे माणूस एकतर बंद दाराबाहेर नाहीतर थेट सोफ्यावर, मधलं काही नाहीच. आता ते वॉचमनशेजारी खुर्ची टाकून बसतात.

तुम्ही कसं जमवलंत, लिहा. रडगाणंही चालेल, कामाचं असेल तर उत्तम.

माळवदकर
आमचं लातूरकडचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, हातभर जाड भिंती, मेच्या दुपारीसुद्धा आत गार. पुण्यात टॉप फ्लोअर घेतला, पश्चिमेची बेडरूम, रात्री अकराला भिंतीला हात लावा, गरमच. सोसायटीला विचारून स्लॅबवर पांढरा कोट मारला, बऱ्यापैकी फरक पडला. पण माळवदाचे नुसते गोडवे गाऊ नका, 1993 ला किल्लारीच्या भूकंपात असल्याच जड भिंती आणि माती अंगावर येऊन माणसं गेली. आमची आजी तेव्हापासून अंगणातच झोपायची, थंडीतसुद्धा. फ्लॅटमध्ये आल्यावर तिचा पहिला प्रश्न, "इथून पळायचं कुठून?" मी लिफ्ट दाखवली, मग भूकंपात लिफ्ट वापरत नाहीत हे पण सांगावं लागलं, मग जिना दाखवला, सात मजले बघून म्हणाली राहू दे.
धान्याचं म्हणाल तर वर्षाचं एकदम भरायचा हट्ट सोडा. धान्य साठवायचं बळद गेलं ते गेलं, आता ज्वारीचा एक कट्टा बेडखाली. डाळीला एरंडेल चोळा, गव्हात कडुलिंबाचा पाला टाका पण सावलीत कडकडीत वाळवून, ओला टाकलात की बुरशी.

सून_साताऱ्याची
ओटी, माळवद, छान वाटलं वाचून. ते सारवायचं कोण हे दोघांनीही लिहिलेलं नाही 😀 आमचा सोपा, अंगण, परस, रोज झाडलोट, सडा, बंब पेटवायचा, पंधरा माणसांचा स्वयंपाक, आणि रात्री परसातल्या संडासला जायचं तर बॅटरी घेऊन कुणाला तरी उठवायचं. इथे दोन खोल्या, फरशी पुसून दहा मिनिटात मोकळी. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्या तर कमोडवर इतक्या खूश आहेत की गावाहून कोणी आलं की आधी तो दाखवतात, मग चहा.
अडलं ते वाळवणाचं. टेरेसला कुलूप, चावी मागितली तर "पापडांना नाही". टेरेस सामाईक जागा आहे ना, मीटिंगमध्ये विषय काढला, जरा वाजलंच, पण आता उन्हाळ्यात दिवसा चावी मिळते आणि दोन्ही विंगमधल्या बायका मिळून कुरडया घालतो. गावाला हे मी आणि जाऊ दोघीच करायचो, तेही कंबर मोडेपर्यंत.

खलबत्ता
खाली चौपदरी पोतं घातल्याशिवाय कुटू नका. खालच्या मजल्यावरून इंटरकॉम येतो. लगेच येतो.

परत एकदा माळवदकर
अहो सूनबाई, सारवणाचं मान्य. आई आत्ता मागे उभी राहून वाचतेय, ती पण तुमच्याच बाजूने 🙏

टेप_घेऊन_जा
अजून फ्लॅट शोधत असाल तर कार्पेट एरियाच विचारा, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा. महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, 2017 ला आल्यापासून नवीन प्रोजेक्टमध्ये कार्पेटवरच सांगायला पाहिजे, तरी एजंट तोंडी अजून "सातशेचा आहे" करतात, त्यात बाल्कनी, पॅसेज, जिना सगळं आलं. आणि गावाहून ट्रक भरायच्या आधी सामानाला टेप लावा, मग लिफ्टला, मग दाराला. आमचं सागवानी कपाट लिफ्टमध्ये मावेना, जिन्याने चढवलं, हमालांनी प्रत्येक मजल्यावर कपाट खाली ठेवून नवीन रेट सांगितला, आणि वर गेल्यावर ते बेडरूमच्या दारातून जाईना. सध्या हॉलमध्ये आहे, टीव्हीच्या जागी.